वळणावरचा म्हसोबा आणि माझे साडू

सांगलीच्या रिंगरोडवर आमचा जो चौक होता, तिथं नव्वद सालानंतर कुत्रंसुद्धा आडवं जात नव्हतं. पलीकडं जायचं झालं तर ते आधी एसटी स्टँडपर्यंत चालत जायचं आणि तिथनं वळसा घालून यायचं. मी डोळ्यांनी बघितलंय. कावळ्यांचं उलट होतं. ते पहाटेपासून विजेच्या तारेवर जागा धरून बसायचे, कारण आमच्या चौकात रोज काही ना काही सांडायचं. दूध, चुरमुरे, ऊस, पेंड. एखाद्या दिवशी अपघात झाला नाही तर कावळे माझ्या दुकानाकडं असे बघायचे, जणू मीच त्यांचं ताट ओढलंय.

रस्ता आखला तेव्हा तो गावाबाहेर होता. ट्रका गावात शिरू नयेत म्हणून केलेला. पण ट्रका बाहेर गेल्या म्हटल्यावर गावाला करमेना, ते उठून रस्त्याच्या कडेला जाऊन बसलं. मग उसाचे दोन-दोन ट्रॉल्यांचे ट्रॅक्टर, माणसं टपावर बसवून पळणाऱ्या वडापच्या जीपा, हळदीच्या पोत्यांच्या बैलगाड्या आणि कॅन लटकवलेले दूधवाले, सगळे एकाच वळणावर एकाच वेळी पहिले निघायला बघायचे. आमच्याकडं वळायची एक रीत होती. आधी वळायचं, मग हात दाखवायचा आणि मग मागच्याला विचारायचं, "डोळं फुटलं का रं?" रिक्षावाले हातही दाखवत नसत, पाय बाहेर काढत. पाय डावीकडं निघाला म्हणजे रिक्षा उजवीकडं जाणार, हे चौकात नवीन आलेल्या माणसाला कळेपर्यंत तो दवाखान्यात असायचा.

या चौकाच्या एका कोपऱ्यावर माझं गाड्यांच्या सीटा शिवायचं दुकान होतं. रेक्झिन, काथ्या, फोम आणि मी. फाटलेली सीट बघून मी मालकाचं चारित्र्य सांगत असे. एकदा एका बुलेटची सीट बघून मी म्हणालो होतो, "हा माणूस बायकोला भितो," आणि तो माणूस रडत रडत दुप्पट फोम घालून घेऊन गेला. चौकात माझा शब्द होता. अपघात झाला की लोक आधी जखमीकडं जायचे आणि मग, नेमकं काय झालं ते ऐकायला, माझ्याकडं.

आणि मग समोरच्या कोपऱ्यावर माझे साडू आले.

साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे मालक. सातारकडचे, कोयनेच्या अंगाचे, मिलिटरीत वाहनं चालवून हवालदार होऊन परतलेले. माणूस उंच, मिशी त्याहून उंच. मला हा माणूस लग्नापासूनच सोसत नव्हता, पण खरी ठिणगी पडली ती कोयनानगरच्या घाटात. त्यांच्या गावाला आम्ही सगळे एका जीपमधून निघालो होतो. चालवायला ते. एका वळणावर समोरून एसटी आली आणि दोघांपैकी एकानं मागं जायला हवं होतं. साडूंनी जीप मागं घेतली. एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला नुसतं आभाळ, आणि हे असे मागं येत होते जसा एखादा म्हातारा चप्पल शोधत मागं येतो. सासूबाईंच्या हातात भरलेला चहाचा कप होता. त्यातला एक थेंब सांडला नाही. माझ्या पोटातलं मात्र सगळं सांडलं, खिडकीतून, आभाळात. माधवनगरच्या मिलमध्ये जन्म घालवलेले माझे सासरे, ज्यांनी आयुष्यात मागाशिवाय कशाला चांगलं म्हटलं नव्हतं, ते म्हणाले, "ह्येला म्हणत्यात हात!" आणि माझ्या बायकोनं थोरल्या जावयाकडं ज्या नजरेनं बघितलं ना, ती नजर मला आमच्या लग्नाच्या फोटोतसुद्धा सापडत नाही.

तर असा माणूस निवृत्त होऊन, सगळी सांगली मोकळी असताना, माझ्याच समोर येऊन बसला आणि त्यानं मोटार ड्रायव्हिंग शिकवायचा क्लास काढला. एक जुनी पांढरी मोटार, दोन्हीकडं ब्रेक, वर लाल अक्षरात पाटी. आणि गळ्यात एक शिट्टी.

त्या शिट्टीनं माझं वाटोळं केलं. चौकात धडाम आवाज झाला की हे रस्ता ओलांडून मधोमध उभे राहायचे, एक शिट्टी, एक हात वर. चारी रस्ते थांबायचे. ट्रॅक्टर थांबायचे, वडाप थांबायचं, एकदा तर म्हणे वरून चाललेलं विमान थोडं हळू झालं. मग ते जखमीला उचलायचे, गाडी कडेला घ्यायचे आणि दोघांना म्हणायचे, "अपनी साईड सोडली कुणी? तू? मग माफी माग. चला." संपलं. मी माझ्या पायरीवर उभा राहून "काय झालं माहिताय का…" असं सुरू करेपर्यंत गर्दी पांगलेली असायची. ऐकायला कुणी उरायचंच नाही. कावळे तेवढे उरायचे.

हेही मी गिळलं असतं. पण आमच्या घरातली त्या वर्षी माधवनगरच्या बालवाडीत शिकवायला लागली. सिटीबस कधी यायची, कधी नुसता धूर यायचा. रोज उशीर, रोज बोलणी. दिवाळीनंतरही असंच चाललं तर दुसरी बाई बघू, असं शाळेनं सांगून टाकलं. तिनं ठरवलं, मोपेड शिकायची. मी म्हणालो, "शिकवतो की! सांगलीत माझ्यासारखा…" तिनं पुढचं ऐकलं नाही, पण आली.

मी तिला एकच दिवस शिकवलं. मी मागं पळत होतो आणि ओरडत होतो, "डावीकडं! अगं डावीकडं! माझी डावी न्हाई, तुझी डावी!" ती सरळ जाऊन भडंगवाल्याच्या चुरमुऱ्यांच्या पोत्यांत घुसली. लागलं काहीच नाही, उलट इतकी मऊ पडली की म्हणे थोडी झोप लागल्यासारखं वाटलं. बाहेर आली तेव्हा केसांत चुरमुरे, आणि तोंडात एकच वाक्य.

"तुमच्याकडं मी शिकणार न्हाई. तुमी वराडता. मी दाजींकडं जाते."

झालं. रोज सकाळी समोरच्या कोपऱ्यावर माझी बायको पदर कमरेला खोचून मोपेडवर, आणि तिच्या मागं तो माणूस हात पाठीमागं बांधून चालतोय. पळत नाही, ओरडत नाही. आणि इकडं मी सीटमध्ये सुई घालतोय ती माझ्या बोटात. त्या महिन्यात सांगलीतल्या निम्म्या स्कूटरींच्या सीटांवर माझं रक्त आहे. घरी जेवायला बसलं की चटणीआधी दाजी.

"दाजी म्हणत्यात, आरशात बघितल्याबिगर वळू नये."

"माझ्या स्कूटरला आरसा हाय की."

"त्यात तुमी भांग पाडता."

"दाजी काय काय म्हणत्यात अजून?"

"म्हणत्यात, घाबरायचं न्हाई. चुकलं तर परत. एवढंच."

एवढंच! मला वाटलं, एकदा, फक्त एकदा हिनं कुणाला तरी सांगावं, 'आमचे हे म्हणतात.' माझ्याकडं म्हणण्यासारखं इतकं होतं, आणि ते न्यायला कुणी येत नव्हतं.

मग मी विचार केला. ह्यांच्याकडं शिट्टी आहे. शिट्टीच्या वर कोण? देव.

चौकाच्या मागं एका लिंबाखाली शेंदूर लावलेला म्हसोबा होता. जुनी माणसं सांगायची की तो मूळचा वळणावरचा, रस्ता रुंद करताना मागं सरकवलेला. मी चहाच्या गाड्यावर गेलो, आवाज खाली घेतला आणि सांगितलं की काल भर दुपारी चौकाच्या मधोमध मी एक काळा रेडा उभा बघितला. ट्रका त्याच्यातनं धुरातनं जाव्यात तशा जात होत्या. त्यानं माझ्याकडं मान वळवली आणि नजरेनंच विचारलं, माझी जागा कुठाय? मी एवढंच बोललो. चहासुद्धा पुरता प्यायलो नाही. संध्याकाळपर्यंत ही बातमी मिरजेला जाऊन परत आली, तेव्हा रेडे पाच झाले होते आणि एकाच्या शिंगाला आग होती. माधवनगरहून आलेल्या एका माणसानं तर मलाच ती गोष्ट सांगितली आणि म्हणाला, "तुमाला खोटं वाटल, पर सांगणारा लय विश्वासाचा हाय."

साडू रस्ता ओलांडून माझ्या दुकानात पहिल्यांदा आले ते त्या दिवशी. बसले नाहीत.

"पाव्हणं, देवाला माझा नमस्कार हाय. पर वळणावर नका बसवू. माणूस जिकडं बघतंय, गाडी तिकडं जातिया."

मी दोऱ्याला गाठ मारली. "पाव्हणं, जळताय व्हय?"

ते आले तसे ताठ वळले. मिशी मात्र जराशी खाली आली. खरं सांगतो, त्या दिवशी मी दोन ताटं जेवलो.

दसऱ्याला म्हसोबा वळणावर बसला. सगळ्या चौकानं हातभार लावला. ओटा बांधला, फरशी घातली, वर पत्रा टाकला, लाउडस्पीकर लावला. झेंडूच्या माळा घातलेल्या गाड्यांची रांग लागली होती. सासरे माधवनगरहून धुवट टोपी घालून आले. मला पुढं पाटावर बसवलं आणि थोरल्या जावयाला मागं, लाउडस्पीकरच्या कर्ण्याखाली, जिथं माणसाला आपला विचारसुद्धा ऐकू येत नाही. सासरे सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "धाकट्या जावयानं काम केलं." मी नारळ असा फोडला की अर्धी कवड मिरजेच्या हद्दीत पडली.

दोन दिवसांनी पहिला दूधवाला पडला.

आता आपली माणसं भाविक. देव दिसला आणि हात जोडले नाहीत असं होणं नाही. आणि हात जोडायचे म्हणजे दोन्ही. वळण आलं की दूधवाला सायकलचं हँडल सोडायचा, डोळे मिटायचा, कपाळाला बोटं लावायचा आणि डोळे उघडायचा ते गटारात. स्कूटरवाले एका हातानं नमस्कार करायचे, त्यांच्या मागं बसलेल्या सासवा म्हणायच्या, "एका हातानं करत्यात व्हय रं देवाला?" मग ते दुसराही सोडायचे. ट्रकवाले हॉर्न वाजवून वंदन करायचे, त्यानं हळदीच्या गाडीचे बैल उधळायचे. आणि कारखान्यांची धुराडी पेटून हंगाम सुरू झाला तसे उसाचे ट्रॅक्टर वळणावर, रस्त्याच्या मधोमध, दोन्ही ट्रॉल्यांसकट थांबायचे, कारण पहिल्या खेपेचा नारळ म्हसोबाला फोडायचा. नारळाच्या पाण्यावर मागची मोटारसायकल घसरायची, आणि तिच्यावरचा माणूस म्हसोबाच्या पायाशी येऊन पडायचा. त्याची मात्र श्रद्धा वाढायची. उठून तो म्हणायचा, "देवानं राखलं." आणि दुसऱ्या दिवशी पेढे घेऊन परत यायचा, परत हात सोडून.

अपघात दुप्पट झाले म्हणणारे लोक अतिशयोक्ती करतात, मला ती आवडत नाही. तिप्पट झाले. पण मी पायरीवर उभा राहून सांगायचो, "मोडले असतील, मेलं कोण?" आणि एवढं खरं होतं. तेवढ्यापुरता म्हसोबा माझ्या बाजूनं होता. कावळे इतके जाड झाले की तार खाली झुकली.

समोर शिट्टी दिवसभर वाजायची. साडू घामानं निथळायचे, पण एक शब्द मला बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं. गर्दी त्यांच्याकडं बघायची, आणि त्या गर्दीत माझी बायको असायची, मोपेडच्या हँडलवर दोन्ही हात ठेवून.

दिवाळीची सुट्टी संपली आणि तिचा एकटीनं जायचा पहिला दिवस उजाडला. त्याच वळणावरनं. तिला मी म्हणालो, "आज बसनं जा की." ती म्हणाली, "बसनं गेले तर उद्यापासनं घरीच बसायचं." मी म्हणालो, "मग दाजींना बरोबर घे," आणि हे वाक्य माझ्या तोंडातनं निघालं यावर माझाच विश्वास बसेना. ती म्हणाली, "दाजी म्हणत्यात, आता तुझी तू."

ती निघाली. डबा अडकवला, पदर खोचला, आरशात बघितलं. मी जरा थांबून स्कूटर काढली आणि मागनं निघालो, तिला दिसणार नाही अशा बेतानं. म्हणजे एका उसाच्या ट्रॉलीआड.

वळणावर तिच्यापुढं एक दूधवाला होता. मला पुढचं सगळं आधीच दिसलं, जसं रोज दिसायचं. त्यानं दोन्ही हात सोडले, डोळे मिटले. सायकल डुगडुगली, कॅन हेलकावला. डावीकडनं वडापचा ड्रायव्हर एक हात छातीवर ठेवून घुसत होता. आणि मध्ये माझी बायको. तिनं म्हसोबाकडं बघितलंसुद्धा नाही. वेग कमी केला, उजवा हात लांब करून मागच्याला थांबवलं, दूधवाल्याला पडायला जेवढी जागा लागते तेवढी दिली, तो पडल्यावर त्याच्या कडेनं गेली, आणि पलीकडं. पदरसुद्धा हलला नाही. सासूबाईंचा कप तिच्या हातात असता तरी थेंब सांडला नसता.

माझा जीव भांड्यात पडला. मी म्हणालो, "म्हसोबा, तुझी कृपा!" आणि हात जोडले. दोन्ही.

डोळे उघडले तेव्हा मी ओट्यावर होतो. माझी स्कूटर म्हसोबाला मिठी मारून उभी होती, तिचं पुढचं चाक अजून फिरत होतं, आणि आदल्या दिवशीची झेंडूची माळ माझ्या गळ्यात. कोपऱ्यावरचा पानवाला म्हणाला, "आरं, ह्यो तर बसला की जागेवर!" आणि सगळा चौक हसला. मग शिट्टी वाजली. चारी रस्ते थांबले. माझ्यासाठी. माझ्या डोक्यावर ती मिशी आली.

"पाव्हणं," साडू माझा गुडघा दाबत म्हणाले, "डोळं झाकून चालवायचं मी शिकवत न्हाई."

गुडघा तोवर भोपळ्याएवढा झाला होता. लहान भोपळा नाही. मी बायकोला शोधत होतो. तिनं आवाज ऐकून मागं बघितलं होतं, मी आडवा पडलेला तिला दिसला होता, आणि तरी ती पुढं गेली! दुभाजकाची फट जिथं होती तिथपर्यंत गेली, हात दाखवला, आरशात बघितलं, वळली आणि आपल्या साईडनं परत आली. आमच्या चौकात नवरा पडलेला असताना रीतसर वळून येणारी ती पहिली बाई. तेवढ्या वेळात मी दोनदा मेलो असतो आणि एकदा तेराव्याला जेवलो असतो.

तिनं गुडघा बघितला. "बसा मागं."

"रिक्षा बोलवा की कुणीतरी."

"रिक्षात बसवून मला अजून एक अपघात न्हाई करायचा. बसा. दवाखाना शाळेच्या वाटंवरच हाय."

आणि मी बसलो. भर चौकात, बायकोच्या मागं, मोपेडवर, एक पाय लांब करून, गळ्यात माळ. कुणीतरी ओरडलं, "आज वरात उलटी निघाली रं गड्या!" साडू मध्ये हात वर करून उभे होते. सगळे ट्रॅक्टर, सगळ्या जीपा, सगळी एसटी आमच्याकडं बघत थांबली होती, आणि तेव्हासुद्धा मला वाटलं, एवढे लोक थांबलेत ते माझ्यामुळं नाही, त्या हातामुळं. म्हसोबाजवळनं जाताना माझे हात आपोआप उचलले. आरशातनं आवाज आला.

"हात खाली. मला धरा."

मी धरलं. ती शाळेत वेळेत पोहोचली, मला दवाखान्याच्या दारात उतरवूनसुद्धा.

काठी घेऊन चालायला लागलो तेव्हा मी चहाच्या गाड्यावर गेलो आणि आवाज खाली घेतला. म्हटलं, मी ओट्यावर पडलो तेव्हा देव माझ्या कानात बोलला. म्हणाला, लेकरा, मला इथं धूर सोसवत न्हाई. हॉर्ननं डोकं उठतंय. मला लिंबाखाली ने, तिथं गाडी लावायला जागा हाय, लोकांनी उतरून यावं आणि निवांत भेटावं. या वेळी कुणी शंका घेतली नाही. पुरावा माझ्या गुडघ्यावर होता. संध्याकाळपर्यंत देव माझ्याशी मोडीत बोलला होता असं मिरजेत ठरलं. आठवड्याच्या आत म्हसोबा वाजतगाजत लिंबाखाली परत गेला, आणि वळणावर पुन्हा नुसते नेहमीचे अपघात होऊ लागले.

पण नारळ? पडलो मी, गुडघा माझा, देव बोलला तो माझ्या कानात, आणि सासऱ्यांनी नारळ दिला थोरल्या जावयाच्या हातात. "ह्येनी पयलंच सांगितलं हुतं," म्हणाले. साडूंनी नारळ एका टोल्यात फोडला. सरळ दोन सारखी भकलं. पाणी वाटीत. थेंब सांडला नाही.

त्या दिवशी जेवताना बायको म्हणाली, "दाजी म्हणत हुते…"

मी भाकरी ताटात ठेवली. "काय म्हणत हुते?"

"म्हणत हुते, शिट्टीनं गाड्या थांबत्यात. देव हलवायला तुमच्यासारखं तोंड लागतंय. त्यांनी म्हणे लय दिवस आरशापुढं उभं राहून बघितलं, रेड्याची गोष्ट सांगून. जमली न्हाई. रेडा आला की संपतीच."

मी भाकरी परत उचलली. तिनं माझ्या ताटात खोबऱ्याची चटणी वाढली, त्याच नारळाची. दुसऱ्या दिवशी सकाळी मी लंगडत रस्ता ओलांडला, दोन्हीकडं बघून, आणि त्यांच्या पांढऱ्या मोटारीची ड्रायव्हरकडची फाटकी सीट न विचारता काढून आणली. दुप्पट फोम घातला. सीट बघून माणूस कळतो म्हटलं ना मी? ती सीट अगदी मधोमध, दोन्ही बाजूंनी सारखी झिजलेली होती. इतक्या वर्षांत तो माणूस एकदाही कुठं कलला नव्हता. मला सुई पुन्हा बोटात लागली.